माझ्या शिक्क्याचा काटा

"छान! महिनाभरात एक ग्रॅमसुद्धा वाढलं नाही," सिस्टर म्हणाली. माझ्या कार्डावर तिने छप्पन्न लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. "असाच ताबा ठेवा."

मला सातवा महिना चालू होता आणि भूक इतकी लागली होती की मीठ लावून ते कार्डसुद्धा खाल्लं असतं. पण सिस्टर शाबासकी देत होती आणि शाबासकी मिळाली की माणूस गप्प बसतो, तशी मीही बसले.

आतल्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी पोटावर टेप लावली, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा लावली. "बाळ लहान लागतंय. आईचं वजन तर भरपूर वाढलंय. तारीख चुकली असेल तुमची. परवा पुन्हा या, नीट बघू."

तारीख चुकली म्हणे! मी वजनकाटे दुरुस्त करते. चौदा वर्षं तेच करतेय. अर्ध्या ग्रॅमसाठी मी दुपारभर मान मोडून बसते आणि ही बाई मला सांगते की मला महिने मोजता येत नाहीत. मी तोंड उघडणारच होते, पण तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "चुकली असेल हो. वेंधळी आहे जरा." आणि दोघी हसल्या.

ही सगळी कटकट सुरू झाली सहाव्या महिन्यात. तिसऱ्या महिन्यात माझं वजन अठ्ठेचाळीस होतं, चौथ्यात साडेएकोणपन्नास. पाचव्यात दुकानात वार्षिक तपासणीचे काटे ढिगाने आले होते, म्हणून गेलेच नाही. सहाव्यात गेले तर छप्पन्न. सिस्टरचे डोळे कपाळात गेले. "दोन महिन्यांत साडेसहा किलो? दोघांचं खाताय की पलटणीचं?" मग तिने एक कागद लिहून दिला. भात एक वाटी. तेल नाही, साखर नाही. अंडं आठवड्यातून एक. रात्री भाजीचं पाणी. हो, पाणीच. कागदावर तिने सूप असं लिहिलं होतं, पण मी ते प्यायले आहे, त्यामुळे मला माहीत आहे.

सासूबाईंनी तो कागद फ्रिजवर चिकटवला. त्यांनी मुलींच्या वसतिगृहाच्या खानावळीत सव्वीस वर्षं काढली. रोज तीनशे मुली, प्रत्येकीला एक पळी, ना कमी ना जास्त. त्यांचा हात म्हणजे माप. त्या हाताने माझ्या ताटात एक वाटी भात पडायचा आणि भाताच्या पातेल्यावर झाकण बसायचं. पातेल्याला कुलूप नव्हतं. पण त्या शेजारीच बसायच्या, त्यामुळे कुलपाची गरजही नव्हती.

त्या दुष्ट आहेत असं कुणी समजू नये. त्यांचं पहिलं मूल साडेचार किलोचं होतं. दोन दिवस अडलं आणि गेलं. तो मुलगा दिसायला कसा होता हे त्या कधीच सांगत नाहीत, किती मोठा होता तेवढंच सांगतात. माझं पोट दिसू लागलं तसं त्यांचं एकच पालुपद सुरू झालं. छोटं बाळ, सुखाचं बाळंतपण. सिस्टरच्या कागदाने त्यांच्या भीतीवर सरकारी मोहोर उठवली, दुसरं काय?

"आई, मला भूक लागते हो," मी एकदा जेवताना सरळ म्हटलं. "रात्री पोटात कावळे ओरडतात."

"भूक काय, सवयीची असते."

"दंड बघा माझे. काड्या झाल्यात. ही वजन वाढलेली बाई दिसते का?"

"डोळे फसवतात. काटा फसवतो का?" त्यांनी पळी खाली ठेवली. "तूच म्हणतेस ना, माणूस खोटं बोलेल, काटा बोलणार नाही? आणि त्या दवाखान्यातल्या काट्यावर शिक्का कुणाचा आहे?"

शिक्का माझा होता. गेल्या वर्षी तो काटा मीच उघडून, साफ करून, जुळवून दिला होता आणि दांडीच्या टोकाला माझ्या नंबरचा शिक्का ठोकला होता. सासूबाईंनी माझ्याच जोड्याने मला हाणलं. मी मुकाट्याने ते भाजीचं पाणी प्यायले.

माझ्या नवऱ्याचा पाय दोन दगडांवर. तो नळाची कामं करतो, येताना पान्यांच्या पिशवीत दाणे लपवून आणतो आणि बायकोला संडासाच्या दाराआड देतो. "आईला सांगू नकोस," म्हणतो. मी म्हटलं, "अरे, मी तुझं मूल वाढवतेय की पोपट?" तर म्हणे, "छप्पन्न आहे ना पण." म्हणजे तोही काट्याच्याच बाजूने. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. मनात कुठेतरी वाटायचं, काटा माझ्या हातचा आहे, म्हणजे खादाड मीच असणार.

डॉक्टरीणबाईंनी तारखेवरून टोकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात माझी अंगठी पडली.

मी एका किराणावाल्याचा काटा पुसत होते. बोटातून अंगठी निसटली आणि टण्णकन पारड्यात पडली. लग्नापासून ती अंगठी साबण लावल्याशिवाय निघत नव्हती. दिवस राहिलेल्या बायकांची बोटं सुजतात, अंगठ्या अडकतात, कापून काढाव्या लागतात. माझी आपोआप गळून पडली होती. मी ती पुन्हा घातली आणि हात खाली सोडला. ती पुन्हा पडली.

दुकानाच्या कोपऱ्यात पिठाच्या गिरणीचा पोती तोलायचा मोठा काटा आला होता, आदल्या दिवशीच मास्तरांनी जुळवलेला. मास्तर म्हणजे दुकानाचे मालक आणि माझे गुरू. त्यांचा नियम आहे, काट्यावर माणसाने चढायचं नाही. काटा मालासाठी असतो, माणसाने चढून त्याचा अपमान करायचा नाही, असं म्हणतात. चौदा वर्षांत मी तो नियम मोडला नव्हता. त्या दिवशी चपला काढल्या आणि चढले.

एकावन्न.

मी आधी काय केलं असेल? हसले. मनात म्हटलं, मास्तर म्हातारे झाले, काटा पाच किलोने कमी दाखवतोय. मग मी तपासणीची वजनं लावली. वीस. चाळीस. पन्नास. काटा देवासारखा खरा होता. मग म्हटलं, आपण वाकड्या उभ्या राहिलो असू. पुन्हा चढले. मग म्हटलं, जमीन उतरती असेल. पाणसळ लावून बघितलं. दुपारचे दोन तास मी त्या बिचाऱ्या काट्याला खोटं ठरवण्यात घालवले, कारण दुसरा काटा माझ्या शिक्क्याचा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिकडे पोटातलं पोर माझ्या त्या दिमाखापायी उपाशी होतं आणि मी जमीन मोजत होते.

शेवटी मास्तरच म्हणाले, "दवाखान्याचा काटा आठव. मोठा ठोकळा जुना होता ना?"

आणि मला आठवलं.

त्या काट्याला वर एक दांडी असते. दांडीवर दोन लोखंडी ठोकळे सरकतात, मोठा दहा-दहा किलोंसाठी, छोटा सुट्या किलोंसाठी. मोठा ठोकळा झिजून हलका झाला होता. अशा वेळी त्याच्या पोटाला भोक पाडून आत शिसं भरतात, म्हणजे वजन पुन्हा पुरेपूर होतं. पण भोकाच्या आत एक खाच पाडावी लागते. त्या खाचेत शिसं अडकून बसतं, नाहीतर आज ना उद्या गळून पडतं. ही खाच पाडायला अर्धा तास जातो. त्या दिवशी मला घरी जायची घाई होती. मी खाच पाडली नाही. शिसं ठोकलं, वरून घासलं, रंग दिला, शिक्का मारला. दिसायला झकास झालं होतं.

"गळलं असणार," मी म्हटलं. माझे कान तापले होते. "ठोकळा हलका झाला की तो जास्त पुढे सरकवावा लागतो. म्हणजे आकडा जास्त येतो. पन्नासाला पाच."

"रिकामा काटा शून्यावर येत नसणार मग. सिस्टरला कळलं नाही?"

"टोकाचा स्क्रू फिरवून शून्यावर आणत असेल. शून्य बरोबर आलं की सगळं बरोबर, असंच वाटतं सगळ्यांना."

मास्तरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. ते माझ्यावर बापाची माया करतात, म्हणूनच पुढचं बोलले. "पोरी, माझ्याकडे त्या मापाचा नवा ठोकळा आहे. उद्या जा, तेल घालायला आले म्हणून सांग आणि बदलून ये. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझा शिक्का गेला तर चौदा वर्षं पाण्यात जातील."

"आणि कार्डं?"

"कसली कार्डं?"

"माझ्यासारखी किती जणी त्या काट्यावर चढल्या असतील, मास्तर? किती जणींच्या फ्रिजवर तो कागद आहे?"

मास्तरांनी नवा ठोकळा कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला, आणि तो मी घेतला. पण मला राग आला होता. मास्तरांचा नाही, सिस्टरचाही नाही. माझा स्वतःचा आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीची वजनं दुकानातून उचलून दवाखान्यात न्यायला नवऱ्याला सांगितलं. वीस, वीस आणि दहा. मी उचलणार नव्हते. एवढं मला कळतं. तो हातगाडी ढकलत म्हणाला, "एवढा तमाशा कशाला? डॉक्टरांच्या कानात सांग ना."

"माझा शिक्का कानात मारला नव्हता," मी म्हटलं.

सासूबाई बरोबर होत्याच. त्यांना वाटलं, दुकानाचं काहीतरी काम असेल.

दवाखान्याच्या बाकांवर वीसेक बायका बसल्या होत्या. सिस्टर एकेकीला हाक मारत होती, ठोकळा सरकवत होती, आकडा लिहीत होती. "जरा आवरा तोंड," ती एकीला म्हणाली. ती बाई धुलाईच्या कारखान्यात कामाला होती. हात पांढरेफटक, सुरकुतलेले आणि मनगट एवढंसं की माझ्या दोन बोटांत मावलं असतं. आठवा महिना. ती मान खाली घालून काट्यावरून उतरली.

"सिस्टर, थोडं थांबा," मी म्हटलं. नवऱ्याने वजनं काट्यावर ठेवली. धाप्, धाप्, धाप्.

"अहो, हे काय? तपासणी ठरवून घ्यायची असते. शिवाय काटा ठीक आहे, मी रोज सकाळी शून्यावर आणते."

"किती वजन ठेवलंय?" मी बाकांकडे वळून विचारलं. "ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचा. वजनावर कोरलेलं आहे."

एक पोक्त बाई उठून वाकून बघून आली. "वीस, वीस आणि दहा. पन्नास."

मी मोठा ठोकळा पन्नासावर नेला. दांडी हलली नाही. छोटा सरकवला. एक. दोन. तीन. चार. पाचाला दांडी तरंगली. पंचावन्न. मी बाजूला झाले आणि सगळ्यांना बघू दिलं.

मग मी मोठा ठोकळा उलटा केला. खाली भोक होतं, रिकामं, आतून गुळगुळीत.

सिस्टर आधी पांढरी पडली, मग सावरली. "म्हणजे यंत्र बिघडलं. होतं असं. मी नोंद करते, यंत्रात बिघाड. तुम्ही आत बसा, बाकीच्यांना आम्ही सावकाश कळवू."

"यंत्र बिघडलं नाही," मी म्हटलं. "मी बिघडवलं. इथे शिसं भरायचं होतं ते मी नीट भरलं नाही. हा शिक्का माझा आहे. नोंदीत तसंच लिहा. माझ्या नंबरासकट."

"अहो, हळू बोला जरा!"

"हळूच बोलत होते महिनाभर. भुकेने आवाजच फुटत नव्हता."

कुणीतरी हसलं. धुलाईवाली मात्र हसली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "म्हणजे तुझ्यामुळे," ती म्हणाली. "दुपारचा डबा बंद केला मी. चक्कर येऊन मशीनवर पडले एकदा. नवरा म्हणायचा, खा, तर मी त्याच्यावर ओरडायचे, कार्ड दाखवायचे. तुझ्यामुळे."

"हो," मी म्हटलं. मीही उपाशीच होते असं सांगता आलं असतं, पण तिला त्याचा काय उपयोग होता?

तिने हातातलं कार्ड माझ्या अंगावर फेकलं. मी ते उचललं. मग नवा ठोकळा दांडीत घातला, स्क्रू जुळवला, पन्नास किलोला पन्नास आल्याचं सगळ्यांना दाखवलं, नवऱ्याला वजनं उतरवायला लावली आणि तिला म्हटलं, "चढा."

चव्वेचाळीस. कार्डावर आताच अठ्ठेचाळीस लिहिलं होतं. पहिल्या खेपेचा, शिसं गळण्याआधीचा, आकडा पंचेचाळीस होता. तिचं वजन तीन किलोंनी वाढलं नव्हतं, एकाने घटलं होतं, आठव्या महिन्यात. मी आकडा मोठ्याने वाचला, अठ्ठेचाळीस खोडून चव्वेचाळीस लिहिलं आणि शेजारी माझा नंबर घातला. ती रडायला लागली.

गलका ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी भोक बघितलं, धुलाईवालीचं कार्ड बघितलं, मग माझं. मी स्वतः काट्यावर चढले. एकावन्न. सुरुवातीपासून तीन किलो.

"तारीख बरोबर होती तुमची," त्या म्हणाल्या.

"ते मी सांगणारच होते."

त्यांनी वाद घातला नाही, एवढी बाई चांगली. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "ते कागद फाडा. तुमच्यासारख्या बारीक बाईचं वजन नऊ महिन्यांत बारा-तेरा किलो तरी वाढायला हवं, जास्त वाढलं तरी घाबरायचं नाही. रोज अंडी, डाळी, दूध, पालेभाजी, फळं. मूठभर दाणे. लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. दोघांचं खाऊ नका, पण एकीचं तरी पोटभर खा. ज्यांची वाढ कमी आहे त्यांना मी आजच तपासते."

"आणि माझं बाळ?" धुलाईवालीने विचारलं.

"वेळ आहे अजून. थोडा आहे, पण आहे. शेवटच्या महिन्यांतच मूल भरतं." त्यांनी खोटं आश्वासन दिलं नाही, आणि माझ्या पोटातलं पोर तेव्हाच नेमकं हललं.

सासूबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. आता पुढे आल्या आणि माझा दंड धरला. त्यांच्या बोटांत तो सगळा मावला. त्यांनी दंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणि मोठं झालं तर?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "अडलं तर?"

"अडलं तर मी ओरडेन, आई. अख्खा दवाखाना गोळा करीन. डॉक्टर आहेत, मोठं हॉस्पिटल आहे, तुम्ही आहात. पण आत उपाशी राहिलेलं पोर ओरडत नाही. ते नुसतं लहान राहतं, आणि आपण म्हणतो, छान, ताबा आहे."

त्यांनी माझा दंड सोडला. सव्वीस वर्षं तीनशे मुलींना वाढणाऱ्या बाईला मी भर दवाखान्यात हे सुनावलं होतं आणि मला त्याचा पश्चात्तापही होत नव्हता. नवऱ्याने माझ्याकडे डोळे वटारले. मीही वटारले.

"पुढच्या बाई," मी हाक मारली.

सिस्टरने जुनी वही आणून दिली. ती वही सोडून गेली नाही, शेजारी बसली आणि नावं वाचू लागली. गेल्या तीन महिन्यांत त्या काट्यावर चढलेल्या एक्केचाळीस बायका निघाल्या. ज्या समोर होत्या त्यांचं वजन मी पुन्हा घेतलं. बाकीच्यांच्या घरी निरोप पाठवायचा ठरला आणि तो मीच घेऊन जाणार होते, कारण शिव्या माझ्या हक्काच्या होत्या. शिक्का राहील की जाईल, हे तपासणी अधिकारी ठरवतील. ठरवू देत.

तिसरी की चौथी बाई काट्यावरून उतरत होती, तेव्हा सासूबाई तिच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"सकाळी काय खाल्लंस?" त्यांनी विचारलं.

"चहा घेतला."

"चहा म्हणजे खाणं नव्हे. अजून काय?"

"काही नाही. सिस्टर म्हणाल्या होत्या..."

"सिस्टरचं राहू दे. दुपारी पोटभर जेव. लाजू नकोस." आणि पुढचीला, "तू काय खाल्लंस?" आणि तिच्या पुढचीला. खानावळीतला तो जुना दणदणीत आवाज त्यांना पुन्हा सापडला होता. बायका आधी बिचकत होत्या, मग खरं सांगू लागल्या. अर्धी पोळी. एक बिस्कीट. काहीच नाही. एकीने हळूच सांगितलं की तिने चोरून केळं खाल्लं, तर सासूबाई तिच्यावर कडाडल्या, "चोरून कशाला? उजळ माथ्याने खा!"

बाक रिकामे झाले. मी वजनं हातगाडीवर चढवायला नवऱ्याला खूण केली आणि चपला घालायला वाकले. सासूबाई माझ्यासमोर येऊन थांबल्या. त्याच आवाजात, त्याच ओघात, बाकीच्यांना विचारत होत्या तसंच त्यांनी मलाही विचारलं, "आणि तू? तू काय खाल्लंस सकाळी?"

मी ताठ उभी राहिले.

"तुम्ही वाढलंत तेवढंच," मी म्हटलं.